दुर्योधनाची यात्रा



यात्रा दोन तऱ्हेच्या असतात. एक आपली वारकऱ्यांची. पेरणी उरकते, घराची किल्ली शेजारी जाते, पताका खांद्यावर येते आणि आपण पंढरीच्या वाटेला लागतो. कशासाठी? तर जो आपल्याहून मोठा आहे त्याच्या पायी डोके टेकवण्यासाठी. दुसऱ्या तऱ्हेची यात्रा निघते ती कोणी तरी आपल्याहून लहान झाला आहे, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी. तिच्यातही थाट असतो, मंडळी असतात, खाणेपिणे असते. महाभारताच्या वनपर्वात अशा एका यात्रेची कथा आली आहे. तिला घोषयात्रा म्हणतात. कीर्तनात ती फारशी लागत नाही. द्यूत रंगते, वस्त्रहरण रंगते, कर्णाची कवचकुंडले रंगतात. ही बिचारी मधल्या पानांत पडून राहते. आम्हाला मात्र अलीकडे तीच वारंवार आठवते, आणि आठवण करून दिली ती देवगाव फाट्याने.

देवगाव फाटा म्हणजे परभणी जिल्ह्यातला, सेलूच्या बाजूचा. मंठ्याकडून आलेली सडक पुढे जिंतूरला जाते आणि सेलूचा रस्ता इथे फुटतो. फाट्याला जे असते ते इथेही आहे: चहाची हॉटेले, पानाच्या टपऱ्या आणि गाडीची वाट बघणारी माणसे. अशा ठिकाणी माणूस मोकळे बोलतो. घरात न बोललेले फाट्यावर बोलतो. आम्ही बाकावर बसलो होतो आणि शेजारी एक गृहस्थ चारचौघांत धाकट्या भावाचे वर्णन करीत होते. "आमचं धाकलं म्हणजे येडंच हाय बघा. बैलामागं चालून बैलच झालंय. त्याला काय कळतंय व्यवहारातलं? मी हाय म्हणून चाललंय." मंडळी हसली. हसणे हे अशा बोलण्याचे दूध-साखर, त्यावाचून तो चहा गोड लागत नाही. इतक्यात त्यांचा फोन वाजला. गृहस्थ जरा बाजूला झाले, पण आवाज काही लपला नाही. "मायला गोळी दिलीस का? दूध घातलंस ना? लाईट आली तर मोटार चालू कर, आन् सोसायटीचा कागद तेवढा बघून ठेव रे. मला सापडंना." पलीकडे कोण होते हे विचारण्याची गरज कोणालाच पडली नाही.

त्यांचे नाव-गाव आम्ही विचारले नाही आणि ठाऊक असते तरी छापले नसते. कारण हे एका घराचे बोलणे नव्हे. कापसाच्या, सोयाबीनच्या, तुरीच्या या मुलखात अशी घरे गावोगाव आहेत. एक भाऊ बोलणारा, एक भाऊ राबणारा. बोलणाऱ्याच्या अंगावर परीटघडीचे कपडे, राबणाऱ्याच्या पायाला भेगा. बोलणारा पंचायतीत, बाजारात, लग्नाच्या बैठकीत पुढे. राबणारा मागे, वाढप्याच्या ओळीत. धरणाचा मावेजा आला की पहिला सही करतो, दुसरा अंगठ्याची शाई पुसत उभा राहतो. इथवर सुद्धा चालते. पाच बोटे सारखी नसतात, कोणी बोलावे, कोणी राबावे, असे घर चालतेच. पण पुढे जेव्हा बोलणारा राबणाऱ्याला हिणवू लागतो, त्याच्या बायकोसमोर, त्याच्या पोरांसमोर त्याला बावळट म्हणू लागतो, तिथे घराचा आढा किडू लागतो. किडलेला आढा बाहेरून दिसत नाही, बरे का. पावसाळ्यात कळते.

आता कथा ऐका.

पांडव बारा वर्षांच्या वनवासात, द्वैतवनात एका सरोवराकाठी राहत होते. राज्य गेलेले, वल्कले नेसलेली, कंदमुळांवर दिवस. हस्तिनापुरात दुर्योधन निष्कंटक. त्याला काय कमी होते सांगा. स्वतःचे राज्य होते, भावांचेही हाती आले होते, खजिना भरलेला, आज्ञेत राजे. एवढे असून त्याला चैन नव्हते. कर्ण आणि शकुनी त्याला म्हणाले की आपले वैभव आपण भोगण्यात गोडी आहेच, पण शत्रूची दैना डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तिला पुरता रंग चढत नाही. तुझ्या राण्या भरजरी नेसून द्रौपदीसमोरून जाऊ देत. वल्कल नेसलेली द्रौपदी त्यांच्याकडे पाहील, ते सुख राज्यलाभाहून मोठे. दुर्योधनाचे तोंड उजळले. त्याच्या मनात तेच होते, फक्त बापाच्या परवानगीची अडचण होती.

इथे आम्ही क्षणभर थांबतो, कारण कथेचा गाभा इथेच आहे. गंधर्व यायचे आहेत, युद्ध व्हायचे आहे, दुर्योधन बांधला जायचा आहे. पण त्याचे परावलंबन त्याच्या आधीच उघडे पडले आहे. ज्याला आपले सिंहासन गोड लागण्यासाठी भावाची झोपडी बघावी लागते, तो सिंहासनावर बसलेला नाही. तो त्या झोपडीवर बसला आहे. झोपडी हलली की तो पडणार. पांडवांना दुर्योधनाकडे पाहिल्यावाचून दिवस कंठता येत होता; दुर्योधनाला पांडवांकडे पाहिल्यावाचून कंठता येईना. मग कोण कोणावर अवलंबून? फाट्यावरच्या त्या बोलण्याचेही असेच. धाकट्याला 'येडा' म्हटल्याशिवाय थोरल्याला आपण शहाणे आहोत याची खात्री पटत नाही. शहाणपण स्वतःचे असते तर ते चहाच्या बाकावर तारण कशाला ठेवावे लागले असते?

बरे, परवानगीचे निमित्तही कसे शोधले पाहा. राजाची गुरे द्वैतवनाच्या बाजूला चरत होती. त्यांची मोजदाद करायची, वासरांवर खुणा करायच्या, तीन वर्षांचे गोऱ्हे वेगळे मोजायचे, हे राजाचे दर सालचे काम. या कळपाच्या ठिकाणाला घोष म्हणत, म्हणून ही घोषयात्रा. समंग नावाच्या गवळ्याला पढवून ठेवले, त्याने धृतराष्ट्रापुढे येऊन गुरे जवळच आल्याचे सांगितले. म्हातारा चाचरला. म्हणाला, तिकडे पांडव आहेत, तुम्ही उन्मत्त, काही तरी कराल आणि त्यांच्या तपाच्या अग्नीत जळाल. तेव्हा शकुनीने हमी दिली की आम्ही फक्त गुरे मोजू, पांडव असतील तिकडे फिरकणारसुद्धा नाही. ज्यांच्या दावणीला गुरे आहेत त्यांना आम्ही काय सांगावे! भावाच्या शेताच्या बांधावर माणूस गुरांच्या निमित्ताने जातो, पण डोळा गुरांवर असतो का?

गेले. गुरे मोजली, खुणा केल्या, शिकार झाली, आणि मग पावले सरोवराकडे वळली. तिथे चित्रसेन गंधर्व आपल्या परिवारासह उतरला होता. दुर्योधनाचे सेवक म्हणाले, हटा, आमचे राजे येताहेत. गंधर्व हसले. त्यातून लढाई जुंपली. कर्ण शौर्याने लढला, हे खरे. पण त्याचा रथ मोडला, आणि तो विकर्णाच्या रथावर चढून निघून गेला. सैन्य पळाले. दुर्योधन मात्र पळाला नाही. महाभारत त्याचे हे श्रेय नाकारीत नाही, आम्हीही नाकारू नये. तो उभा राहिला आणि जिवंत धरला गेला. दुःशासन धरला गेला, इतर भाऊ धरले गेले, ज्या राण्यांना मिरवायला आणले होते त्याही बंदीत पडल्या.

पळालेले सैनिक आणि मंत्री गेले कुठे? हस्तिनापूर दूर होते. ते रडत-ओरडत गेले पांडवांच्या पर्णकुटीकडे. अहो, काल ज्यांना हसायला निघाले होते, आज त्यांच्याच दारात! संकटात माणसाचे पाय कोणत्या दाराकडे वळतात, त्यावरून त्याचा आधार ओळखावा. तोंड काय म्हणते त्यावरून ओळखू नये.

भीमाला आनंद झाला. तो म्हणाला, आम्ही मोठ्या खटाटोपाने जे केले असते ते गंधर्वांनी परस्पर केले, बरे झाले. भीमाला आम्ही दोष देत नाही. विषाचे लाडू त्याने पचवले होते, द्रौपदीची विटंबना डोळ्यांनी पाहिली होती. त्याच्या जागी आपण असतो तर पेढे वाटले असते. पण धर्मराज यज्ञकर्मात असताना तिथून बोलले, की ही वेळ कठोर बोलण्याची नाही. भाऊबंदांत भांडणे होतात, पण त्यामुळे कूळ सुटत नाही. आपसात मोजणी करायची तेव्हा ते शंभर असतील आणि आपण पाच असू, पण परका अंगावर आला की दोन्ही मिळून एकच संख्या. आणि ते शरण आले आहेत. त्यांनी चौघा भावांना पाठवले.

पुढचे थोडक्यात सांगतो. अर्जुनाने गंधर्वांना अडवले, चित्रसेन त्याचा जुना मित्र निघाला. त्याने खुलासा केला की हे तुमची दैना बघून हसायला आले होते, इंद्राला ते कळले, म्हणून मला पाठवले. अर्जुनाने ते ऐकूनही सोडवण्याचा आग्रह सोडला नाही. दुर्योधनाला धर्मराजांपुढे आणले, बंध काढले. धर्मराज काय बोलले असतील? एवढेच, की बाबा, असले साहस पुन्हा करू नकोस, भावांसह सुखरूप घरी जा, मनाला लावून घेऊ नकोस. बस्स. ना वनवासाचा हिशेब, ना द्यूताची आठवण. दुर्योधनाने नमस्कार केला आणि मान खाली घालून तो निघाला.

आता खरी कथा. वाटेत मुक्काम पडला. तिथे कर्ण येऊन भेटला. त्याला मागचे काही ठाऊक नव्हते. तो म्हणाला, धन्य तुझी, गंधर्वांना जिंकून सहीसलामत आलास! किती सोपे होते बघा. दुर्योधनाने 'हो' म्हटले असते तर बात संपली असती. पण तो खोटे बोलला नाही. त्याने सगळे सांगितले, की मी जिंकलो नाही, मला बांधले, माझ्या बायकांदेखत बांधले, आणि ज्यांना मी जन्मभर पाण्यात पाहिले त्यांनीच मला सोडवले. आता जगून काय करू? मी इथेच अन्नपाणी सोडून प्राण देतो; दुःशासना, राज्य तू कर. दुःशासन त्याच्या पायांवर पडून ढसाढसा रडला. म्हणाला, तू नसताना मी राज्य करणार नाही. वस्त्रहरण करणारा तो दुःशासन, आणि भावासाठी असा रडला! माणूस एका भावासाठी लोणी आणि दुसऱ्या भावासाठी दगड असू शकतो. हे नवल आम्हाला अजून उलगडलेले नाही.

ती रात्र दुर्योधनाच्या आयुष्यातली एकच खरी रात्र. दार उघडे होते. त्याला कळले होते, तो ते तोंडाने बोलला होता, त्याला ते बोचत होते. शकुनीसारख्या शकुनीनेही त्या वेळी सांगितले की शोक कसला करतोस, त्यांनी उपकार केला आहे तर तूही कृतज्ञ हो, त्यांचे वडिलोपार्जित राज्य त्यांना दे, कीर्ती मिळव. कपटाचा आगर असलेला मामा, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून ही वाट निघाली. ती धरली असती तर कुरुक्षेत्र झाले नसते.

दार लावले ते कर्णाने, आणि कोणत्या युक्तिवादाने ते नीट लक्षात घ्या. कर्ण म्हणाला, राजा, यात लाजण्यासारखे काय? पांडव तुझ्या राज्यात राहतात. राज्यात राहणाऱ्याने राजाच्या संकटात धावून जावे, हे त्याचे कर्तव्यच. त्यांनी कर्तव्य केले. उपकार कुठे केला? झाले. औषध सापडले. पुढे दैत्यांनी पाताळात नेऊन त्याला आश्वासने दिली वगैरे भाग आहे, पण दुर्योधन वाचला, किंवा आम्ही म्हणू बुडाला, तो या एका वाक्याने. भावाच्या उपकाराला कर्तव्य हे नाव दिले की आपले परावलंबन झाकले जाते. मग आभार नकोत, लाज नको, राज्य परत द्यायला नको.

हा कर्णाचा युक्तिवाद आमच्या घराघरांत रोज चालतो. "त्यानं आईचं केलं तर काय उपकार केले? घरी असतो, करणारच की." "शेत बघतो तर काय झालं? खातो ना शेतातलंच?" धाकट्या जावेने पहाटे उठून वीस माणसांच्या भाकरी थापल्या तर ते तिचे कामच. थोरल्याने वर्षातून एकदा मोटारीने येऊन आईला लुगडे नेसवले, तर त्याचे फोटो. आम्हाला कोणाच्या लुगड्याचा राग नाही. आईला मिळेल तितके थोडेच आहे. पण रोजची गोळी आणि वर्षाचे लुगडे एका तागडीत घालून बघा, आणि मग कोणाच्या जिवावर कोणाचा मोठेपणा उभा आहे ते ठरवा. जो शहरात निर्धास्त नोकरी करतो, तो गावात कोणी तरी आईच्या उशाशी बसला आहे म्हणून निर्धास्त आहे. तो जर त्या बसलेल्याला आळशी म्हणाला, तर त्याने आपल्याच निर्धास्तपणाला शिवी दिली.

रामायणात हेच दुसऱ्या रीतीने आले आहे. लंकेत मान डोलावणारे पुष्कळ होते, खरे बोलणारा एक बिभीषण. रावणाने भरसभेत त्याची निर्भर्त्सना केली. वाल्मीकींच्या रामायणात कठोर शब्दांनी, तुलसीदासांच्या मानसात तर लाथेने. आणि आरोप काय केला? की भाऊबंद हेच भावाचे खरे वैरी, भावाचे वाईट झाले की त्यांना आनंद होतो. जे आपल्या पोटात आहे ते भावाच्या माथी मारायचे, ही हिणवणाऱ्याची जुनी खोड. बिभीषण निघून गेला. रावणाला वाटले, पीडा गेली. पुढे कुंभकर्ण पडल्याची बातमी आली तेव्हा मात्र रावणाच्या तोंडून निघाले की त्या बिभीषणाचे मी ऐकले नाही, त्याला हाकलले, त्याचेच हे फळ. एक भाऊ मेल्यावर दुसऱ्या भावाची किंमत कळली, आणि तो तर समुद्राच्या वाळूत उभा, पलीकडच्या सैन्यात. शेवटी रावण पडला. तेव्हा त्याच्या चितेला अग्नी द्यायला कोण होते? मेघनाद नाही, कुंभकर्ण नाही. बिभीषण कचरला. तेव्हा प्रभू रामचंद्र म्हणाले की वैर मरणापाशी संपते, तू त्याचे संस्कार कर. ज्याला दारातून हाकलले त्याच्या हातचा अग्नी मिळाला तेव्हा दशाननाला गती मिळाली.

रामायणाचा विषय निघालाच आहे तर पैठणची एक गोष्ट सांगायचा मोह होतो. नाथमहाराजांच्या घरी गावबा नावाचा मुलगा वाढला. पुरणपोळीचा हट्टी, लोकांच्या लेखी खुळा. नाथांच्या पोटचे हरिपंडित मोठे विद्वान, पण भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले आणि नाथांनी देह ठेवला, तेव्हा ते पुरे करण्याचा मान या गावबाकडे आला, असे परंपरा सांगते. गावात ज्याला खुळा म्हणतात त्याच्याकडे घरातले कोणते अपुरे काम येऊन पडणार आहे, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

आणि देहूचा मंबाजी तर आपल्या माहितीचा. तो तुकोबांचा भाऊ नव्हे, शेजारी. पण शेजाराचे नाते भावकीहून वेगळे नसते, फार तर बांध निराळा. महिपतींनी सांगितलेली कथा आहे. मनात जळफळाट, पण रात्री कीर्तनाला हजर! पुढे म्हैस बागेत शिरल्याचे आणि वाटेवरचे काटे काढल्याचे निमित्त होऊन त्याने तुकोबांना काटेरी फोकांनी फोडून काढले. त्या एकादशीला मंबाजी कीर्तनाला आला नाही. तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले, मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग दाबले, आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले. लोक या कथेत तुकोबांची क्षमा बघतात, ती बघावीच. आम्हाला मंबाजीचे रोजचे येणे दिसते. ज्याला खोटा गुरू म्हणायचे त्याच्याच कीर्तनावाचून रात्र जात नव्हती. द्वेष आणि भूक एकाच दारात उभी होती.

इतके ऐकून राबणाऱ्या भावाच्या मनात येईल, 'महाराज, हे सगळं खरं, पण आम्ही काय करावं? मार खाऊन पाय दाबावे?' या प्रश्नाला टाळून पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही. तुकोबांची गोष्ट तुकोबांची. ती आरशासारखी समोर ठेवावी, दुसऱ्याच्या डोक्यावर मारू नये. आणि थोरल्याने तर ती धाकट्याला कधीच सांगू नये. प्रपंचातल्या माणसाला धर्मराजांचा दाखला जास्त जवळचा. त्यांनी दुर्योधनाला सोडवले. पण सोडवले म्हणून आपला हक्क सोडला नाही. तेरा वर्षे पुरी झाल्यावर त्यांनी वाटा मागितला. श्रीकृष्णाला मध्यस्थ घातले. पाच गावांवर समाधान मानायची तयारी दाखवली. तेही नाकारले तेव्हा शस्त्र धरले. भावाला संकटात उचलणे वेगळे आणि त्याच्या पायाखालचे पायपुसणे होणे वेगळे. तेव्हा सातबारावर आपले नाव आहे की नाही हे बघणे, कागद स्वतः वाचणे किंवा पोराकडून वाचून घेणे, वाटणी रीतसर मागणे यात भक्तीला बाध येत नाही. रोजची विटंबना सोसवत नसेल तर बिभीषणासारखे उठून वेगळे राहण्यातही पाप नाही. आईला मात्र वाटणीत धरू नये, ती जमीन नव्हे.

दुसरे एक धाकट्यांना सांगावेसे वाटते, आणि ते जरा कडू आहे. आपल्यावाचून थोरल्याचे चालत नाही, हे कळल्यावर त्याचा एक सूक्ष्म नशा चढतो. "बघू आता कसं चालतंय त्याचं!" असे म्हणून आईची गोळी चुकवली जाते, ऐन पाण्याच्या पाळीला मोटार बंद राहते. ते भीमाचे पेढे. भीमाला वाटले, त्याने बोलून दाखवले, आणि मोठ्या भावाने थांबवले म्हणून तो थांबला. आपल्याला थांबवणारा धर्मराज घरात नसेल तर माळेचा मणी चाचपावा.

थोरल्यांना काय सांगावे? त्यांना पुष्कळ कळते, म्हणून थोडेच सांगतो. दुर्योधन त्या मुक्कामाच्या रात्री खरे बोलला, पण कोणापुढे? आपल्याच माणसांपुढे, तंबूत. ज्यांचे उपकार झाले त्या पांडवांपुढे एक शब्द निघाला नाही. म्हणून कर्णाला फावले. खरे जर तंबूत बोलले तर त्याला फाटे फुटतात. ज्या बाकावर बसून भावाला येडा म्हटले, त्याच बाकावर, त्याच माणसांपुढे एकदा म्हणून बघावे, की आमच्या घरचा कागद त्यालाच सापडतो, आईचे तोच करतो, मी बाहेर मिरवतो ते त्याच्या जिवावर. पहिल्यांदा जीभ अडखळेल. मंडळी हसणार नाहीत, त्यामुळे चहा जरा बेचव लागेल. पण ते पाहा, माळकरी माणसाने परक्याच्या पायी लवून नमस्कार करायचा आणि भावापुढे ताठ राहायचे, ही कसली रीत? दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, ओळख ना पाळख. त्या रांगेत एखाद वेळी आपला भाऊ समोर आला तर हात जोडताना का थबकतो?

वाटणी झाली म्हणजे भाऊपण तुटलेच पाहिजे असेही नाही. याला आपल्या संप्रदायातच मोठा दाखला आहे. तुकोबांचे थोरले बंधू सावजी विरक्त होऊन तीर्थांना निघून गेले, प्रपंचाचा आणि सावकारीचा भार तुकोबांवर पडला. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात सगळे विसकटले. तुकोबा डोंगरावर जाऊन बसले तेव्हा धाकट्या कान्होबांनी शोधून त्यांना खाली आणले. इंद्रायणीच्या काठी कर्जरोख्यांच्या वाटण्या झाल्या. तुकोबांनी आपला निम्मा भाग डोहात सोडला. कान्होबांना बायकापोरांचा संसार करायचा होता, त्यांनी आपला निम्मा ठेवला. तिथून दोघांचे व्यवहार वेगळे झाले. बघा, एकाने कागद बुडवले, एकाने ठेवले. ठेवणाऱ्याने बुडवणाऱ्याला खुळा म्हणायला याहून चांगली संधी कोणती होती? गावात म्हणणारे थोडे नव्हते. आणि बुडवणाऱ्यालाही ठेवणाऱ्याला लोभी म्हणता आले असते. पण परंपरेला त्या दोघांतली असली बोली ठाऊक नाही.

१६५० साली तुकोबा गेले. मागे राहिलेल्या कान्होबांनी जे अभंग केले ते गाथ्यात तुकोबांच्या अभंगांच्या शेजारी छापले जातात. ज्यांनी वाचले नसतील त्यांनी जरूर वाचावेत. त्यांत ते देवाशी भांडतात. माझा भाऊ नेलास तो परत दे, म्हणून पांडुरंगाला धारेवर धरतात, आपला आधार गेला, घर उघडे पडले, हे लाजेशिवाय सांगतात. रोखे ज्याच्याकडे होते, संसार ज्याने सांभाळला, तो हा कर्ता भाऊ. त्याला स्वतःचे नाव होते. परंतु अभंगाच्या शेवटी आपली मुद्रा घालायची वेळ आली तेव्हा त्याने घातली ती 'तुकयाबंधु'.